फायनान्समधलं करिअर: शहर आधी ठरवावं की खुर्ची?

खतावणी

'जगातली पहिली दहा वित्तकेंद्रं' छापाच्या याद्या दर वर्षी येतात आणि नोकरी शोधणारे त्या क्रमाने अर्ज टाकत सुटतात. यादी शहराच्या एकूण आकारमानाची असते, नोकरी मात्र एका ठरावीक कामाची असते. लंडन कितीही मोठं असलं तरी फंड अकाउंटिंगचं मुख्य गाव लक्झेंबर्ग. म्हणून हा धागा. कुठलं काम कुठे वसलंय आणि शहर बदलताना काय काय अडकतं, एवढंच बोलू. पगाराचे स्क्रीनशॉट नकोत, आणि 'टॅलेंट असेल तर कुठेही' हेही नको.

माझ्यापासून सुरुवात. परकीय चलनाचं काम हवं असेल तर बीआयएसची (मध्यवर्ती बँकांच्या बँकेची) पाहणी बघा. एप्रिल २०२२ मध्ये रोजची उलाढाल साडेसात लाख कोटी डॉलर होती. त्यातली सुमारे ३८ टक्के ब्रिटनमधल्या डेस्कवर, म्हणजे लंडनमध्ये. अमेरिका त्याच्या निम्म्यावर, सिंगापूर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ लंडनमध्ये एका बँकेतून उठून दुसऱ्या बँकेत बसता येतं, घर न बदलता.

फ्युचर्स-ऑप्शन्ससाठी शिकागो (सीएमई, सीबो ही एक्स्चेंज) आणि अ‍ॅमस्टरडॅम. ऑप्टिव्हर, आयएमसी, फ्लो ट्रेडर्स या तिन्ही ट्रेडिंग कंपन्या तिथल्याच. पुनर्विम्यासाठी (विमा कंपन्यांच्या विम्यासाठी) म्युनिक, झुरिक, बर्म्युडा आणि लंडनचा लॉइड्स विमाबाजार. तेल-धातूंच्या व्यापाराला पैसा पुरवायचा असेल तर जिनिव्हा, सिंगापूर, ह्यूस्टन. खाणकंपन्यांची भांडवलउभारणी टोरांटोत. मोठे म्युच्युअल फंड आणि कस्टडी (शेअर-रोखे सांभाळण्याचं काम) बॉस्टनमध्ये. फंडांची नोंदणी-प्रशासन लक्झेंबर्ग आणि डब्लिनमध्ये, त्यातही ईटीएफ (एक्स्चेंजवर विकले जाणारे फंड) मुख्यतः डब्लिनला.

ही वाटणी अपघाताने झालेली नाही. १९८५ चा युरोपीय फंडांचा निर्देश लक्झेंबर्गने १९८८ मध्ये सगळ्यांच्या आधी कायद्यात आणला. मग फंड आले, त्यांच्या मागून डिपॉझिटरी बँका, ऑडिटर, वकील आले. आता तेच काम दुसऱ्या गावात उभं करायचं तर ही सगळी वरात हलवावी लागेल. म्हणून शहराचं भविष्य जोखताना उंच इमारती मोजू नका. नियामक, एक्स्चेंज आणि विशेषज्ञ वकील कुठे बसतात ते बघा, ते लवकर हलत नाहीत. कंपन्या हलतात. सिटाडेल या हेज फंड कंपनीने २०२२ मध्ये मुख्यालय शिकागोहून मायामीला नेल्याचं जाहीर केलं, सीएमई मात्र शिकागोतच आहे.

उलाढाल

यादी ठीक, पण घड्याळाचा मुद्दा राहिला. ट्रेडिंग आणि ऑपरेशन्सवाल्यांचं अर्धं आयुष्य तोच ठरवतो.

अमेरिकेची महागाईची आणि रोजगाराची आकडेवारी न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला येते. लंडनमध्ये तेव्हा दुपारचा दीड, सिंगापूरला उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ. फेडचा (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा) निर्णय न्यूयॉर्कच्या दुपारी दोनला, म्हणजे लंडनच्या संध्याकाळी सातला आणि सिंगापूरच्या पहाटे दोन किंवा तीनला. डॉलर-व्याजदरांवर जोखीम घेणारी खुर्ची सिंगापूरला असेल तर दोनच शक्यता. एक, तुम्ही पहाटे जागता. दुसरी, जोखीम रात्री लंडन-न्यूयॉर्कच्या पुस्तकात (सौद्यांच्या खात्यात) जाते आणि तुमच्याकडे आशियाई वेळेतली राखण उरते. मुलाखतीत थेट विचारा: 'दिवस संपल्यावर पोझिशन (उघडा सौदा) कुणाच्या पुस्तकात राहते?' उत्तर 'आम्ही पास करतो' असेल तर पद काहीही लिहिलेलं असो, ती राखणीची खुर्ची.

लंडनचं बळ हेच की सकाळी आशिया बंद होताना सापडतो आणि दुपारी न्यूयॉर्क उघडतं. मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा दोन्हीकडची घड्याळं वेगवेगळ्या दिवशी सरकतात आणि फरक पाचाऐवजी चार तासांचा होतो. कटऑफ (व्यवहार पाठवायची शेवटची वेळ) चुकण्याच्या तक्रारी त्याच दिवसांत वाढतात.

ऑपरेशन्ससाठी आणखी एक. २८ मे २०२४ पासून अमेरिकी शेअर्सची सेटलमेंट टी+१ झाली, म्हणजे सौदा दुसऱ्याच कामाच्या दिवशी पुरा करायचा. ट्रेडला संमती देण्याची मुदत त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या रात्री नऊपर्यंत, म्हणजे लंडनच्या पहाटे दोनपर्यंत. युरोपातल्या फंडाला एकतर रात्रपाळी ठेवावी लागते, नाहीतर ते काम न्यूयॉर्कला किंवा आशियात द्यावं लागतं. सिंगापूरला तेव्हा सकाळचे नऊ-दहा वाजलेले असतात, कामाला लागायची वेळ! बाजाराचे नियम बदलले की कुठल्या शहरातल्या खुर्च्या वाढतात ते असं घड्याळ मांडून आधीच कळतं.

नवा_भिडू

हे सगळं बँका आणि फंडांचं झालं. एखाद्या उत्पादन कंपनीत किंवा सॉफ्टवेअर कंपनीत फायनान्सचं काम असेल तर?

शिल्लक_बाकी

तिथे वित्तकेंद्राला फार किंमत नाही. मुख्यालय कुठे आणि उद्योग कुठला, एवढं बघायचं. बजेट-अंदाजाचं काम धंदा चालवणाऱ्यांच्या शेजारी बसूनच शिकता येतं. किंमत ठरवणारा, कारखाना चालवणारा आणि विक्रीप्रमुख ज्या इमारतीत आहेत तिथे बसा. एका कंपनीचंच मोठं मुख्यालय असलेल्या लहान शहरात हे काम उत्तम शिकायला मिळतं, अडचण दुसऱ्या नोकरीच्या वेळी येते. तिथे तुमच्या कामाचा दुसरा मालकच नसतो.

ट्रेझरी वेगळी. मोठ्या कंपन्या रोकड आणि चलनजोखीम एका-दोन केंद्रांत गोळा करतात, आशियासाठी बहुधा सिंगापूर, युरोपसाठी डब्लिन, अ‍ॅमस्टरडॅम किंवा स्वित्झर्लंड. ट्रेझरीत राहायचं असेल तर मुख्यालयापेक्षा ही शहरं बरी.

ऑडिटपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी एक इशारा. ऑडिट सगळीकडे सारखं दिसतं, पण शहर तुमचे क्लायंट ठरवतं. लक्झेंबर्गला तीन वर्षं काढलीत तर बहुतेक फंडच पाहिलेले असतील, ह्यूस्टनला ऊर्जा, फ्रँकफुर्टला बँका. पुढची उडी मारताना समोरचा पदवी कमी बघतो आणि क्लायंटांचे उद्योग जास्त. पहिल्या वर्षातच क्लायंटची यादी मिश्र करून मागा. तिसऱ्या वर्षी कुणी ऐकत नाही, कारण तोवर तुम्ही 'फंडवाले' झालेले असता.

दुसरी_फळी

आता ज्या शहरांत खरी भरती होते त्यांच्याबद्दल. बंगळूरू, हैदराबाद, क्राकोव, व्रोत्सवाफ, बुडापेस्ट, ग्लासगो, सॉल्ट लेक सिटी, शार्लट. यांना सरसकट 'बॅक ऑफिस' म्हणणं चूक. शार्लटमध्ये बँक ऑफ अमेरिकेचं मुख्यालय आहे आणि ग्लासगोत मोठ्या बँकांचं गंभीर तंत्रज्ञान व रिस्कचं काम चालतं. पण एकाच पदनामाखाली दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या असतात, त्या ओळखायला शिका.

मॉडेल कोण लिहितो, कोण तपासतो आणि कोण सही करतो? तिन्ही माणसं एकाच शहरात असतील तर उत्तम. लिहिणारे तुम्ही आणि सही दुसऱ्या शहरात, हेही चालेल, रोज बोलणं होत असेल तर. पण काम तुकड्यांत येत असेल, म्हणजे 'हे तीन टॅब अपडेट करा आणि परत पाठवा', तर पाच वर्षांनी तुमच्याकडे पाच वर्षांचा अनुभव नसतो, एकच वर्ष पाच वेळा केलेलं असतं. पिचबुकच्या (क्लायंटला दाखवायच्या सादरीकरणाच्या) कामात हे सर्रास घडतं. तुलनात्मक कंपन्यांचा तक्ता इथे बनतो आणि त्या कंपन्या का निवडल्या याची चर्चा तिकडच्या खोलीत होते.

मुलाखतीत विचारायचे प्रश्न: तुमच्या वरिष्ठाचा वरिष्ठ कुठल्या शहरात बसतो? गेल्या दोन वर्षांत या टीममधून मुख्य डेस्कवर किती जण गेले आणि कुठल्या पदावर? वार्षिक मूल्यमापनात कुणाचं मत चालतं, स्थानिक मॅनेजरचं की डेस्कचं? टीमचा खर्च कुठल्या कॉस्ट सेंटरवर (खर्चखात्यावर) पडतो? शेवटचा प्रश्न विचित्र वाटतो, पण कपात येते तेव्हा यादी त्याच ओळीवरून बनते.

पदनामाला भुलू नका. अशा सपोर्ट केंद्रांत व्हाइस प्रेसिडेंट पद लवकर मिळतं. तीच व्यक्ती मुख्य शहरात गेली की पुष्कळदा एक पायरी खाली बसवली जाते. बदलीचं पत्र घेताना 'लेव्हल' लेखी घ्या, पद नव्हे.

मंदीवाला

दुसरी_फळी, तुमचे प्रश्न चांगले आहेत, पण त्यात एक भर घालतो. करिअर मोठ्या शहरात *सुरू* करणं आणि तिथे *राहणं* या दोन गोष्टी आहेत. स्पेनमधल्या कामगारांच्या नोंदींवर दे ला रोका आणि पुगा यांनी २०१७ मध्ये छापलेला अभ्यास आहे. मोठ्या शहरात मिळालेल्या अनुभवाला जास्त मोल येतं आणि माणूस लहान शहरात गेला तरी ते मोल बऱ्याच अंशी त्याच्याबरोबर जातं. अभ्यास फक्त फायनान्सचा नाही हे खरं. पण आपल्या धंद्यात तर ते जास्तच लागू पडावं, कारण इथलं शिकणं पुस्तकातलं कमी आणि शेजारच्या खुर्चीवरून ऐकलेलं जास्त.

म्हणून क्रम असा असावा: पहिली चार-सहा वर्षं दाट शहरात, घरभाडं खिसा कापत असलं तरी. मग खर्च कमी असलेल्या शहरात वरच्या पदावर. उलटा प्रवास जमतो, पण प्रत्येक वर्षागणिक अवघड होत जातो, कारण मुख्य शहरातला विश्लेषक दर्जाचा दरवाजा दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर बंद होतो आणि त्यावरच्या दाराशी 'किती डील पूर्ण केल्या' हे विचारतात.

दुसरी_फळी

क्रमाशी सहमत. फक्त 'दाट' म्हणजे तुमच्या कामाच्या दृष्टीने दाट. आपत्ती-मॉडेलिंग (वादळ-भूकंपाच्या नुकसानीचा अंदाज) करणाऱ्यासाठी हॅमिल्टन, बर्म्युडा हे न्यूयॉर्कपेक्षा दाट शहर आहे.

मंदीवाला

मान्य.

तळटीप

परवान्यांकडे कुणाचं लक्ष नाही, म्हणून लिहितो. कंप्लायन्सवाल्यांना ही कटकट रोजची असते.

अमेरिकेत एसआयई ही रोखेबाजाराची प्राथमिक परीक्षा कुणीही देऊ शकतो, निकाल चार वर्षं चालतो. सिरीज ७ ला (रोखे विकण्याच्या परवान्याच्या परीक्षेला) मात्र कंपनीचं प्रायोजकत्व लागतं. नोकरी सोडून दोन वर्षांत दुसऱ्या नोंदणीकृत कंपनीत गेला नाहीत तर पात्रता जाते. २०२२ पासून दर वर्षी अभ्यासक्रम पूर्ण करून ती पाच वर्षांपर्यंत टिकवण्याची सोय आहे, पण तिचा पर्याय वेळेत निवडावा लागतो. न्यूयॉर्कहून सिंगापूरला तीन वर्षांसाठी जाणारे हे विसरतात आणि परतल्यावर पुन्हा परीक्षेला बसतात.

ब्रिटनमध्ये असा सार्वत्रिक परवाना नाही. कंपनीच दर वर्षी तुम्हाला योग्य ठरवते. पण नवी कंपनी आधीच्या सहा वर्षांतल्या सगळ्या मालकांकडून नियामक संदर्भ (वर्तणुकीचा दाखला) मागवते. सहा वर्षांत चार देश झाले असतील तर चार ठिकाणांहून पत्रं येईपर्यंत रुजू होणं लांबू शकतं. जुन्या कंपनीच्या एचआरचा पत्ता आणि कर्मचारी क्रमांक जपून ठेवा.

हाँगकाँग आणि सिंगापूरला परदेशी अनुभव धरला तरी स्थानिक नियमांचा पेपर बहुधा द्यावाच लागतो. तोवर क्लायंटशी सल्ल्याचं बोलायचं नाही. सेल्समधल्या माणसासाठी हे महिने म्हणजे बोनसमध्ये पडलेलं भोक. रुजू होण्याची तारीख ठरवतानाच पहिल्या वर्षाच्या बोनसची हमी मागा.

सीएफए (गुंतवणूक-विश्लेषणाची पात्रता) सगळीकडे चालतं, पण नियामकाचा परवाना म्हणून त्यावर विसंबू नका. काही ठिकाणी एखाद्या पेपरमधून सूट मिळते, तेवढंच.

उलाढाल

+१. शिवाय व्हिसा आणि परवाना एकमेकांत अडकतात. अमेरिकेत एच-१बी व्हिसे वर्षाला ८५,००० आणि तेही सोडतीने. त्यापेक्षा त्याच कंपनीच्या परदेशी शाखेत गेल्या तीन वर्षांतलं सलग एक वर्ष काम करून एल-१ वर (कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर) जाणं जास्त भरवशाचं, फक्त तो व्हिसा त्या कंपनीशी बांधलेला असतो. शिकायला जाणाऱ्यांनी पदवीचं वर्गीकरण तपासावं. गणित-वित्त प्रकारातल्या पदव्या स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या गटात) धरल्या जातात, तेव्हा १२ अधिक २४ महिने काम करता येतं. साध्या फायनान्सच्या पदवीवर बहुधा फक्त १२. प्रवेशपत्रावरचा सहा अंकी कोड बघा, माहितीपत्रक नको.

शिल्लक_बाकी

कराबद्दल. 'दुबईत कर नाही' एवढ्यावर शहर निवडणारे दुसरी बाजू बघत नाहीत: पुढे ढकललेला बोनस.

तीन वर्षांत हाती येणारे शेअर मिळाले, दोन वर्षं लंडनमध्ये काम केलं आणि तिसरं सिंगापुरात, तर शेअर हाती येतील तेव्हा साधारण दोन-तृतीयांश भागावर ब्रिटन कर मागतं, तुम्ही तिथे राहत नसलात तरी. विभागणी कामाच्या दिवसांवरून होते. गडबड होते ती अशी: दोन्हीकडची पेरोल पूर्ण रकमेवर कर कापून घेते आणि परतावा मिळेपर्यंत पैसा अडकतो. दिवसांची नोंद स्वतः ठेवा, बोर्डिंग पाससकट, आणि शेअर हाती येण्याच्या दोन महिने आधी दोन्ही पेरोलना विभागणीचं पत्र पाठवा.

सिंगापूर सोडताना परदेशी कर्मचाऱ्याचा मालक नोकरी संपण्याच्या किमान एक महिना आधी आयआर२१ हा करफॉर्म भरतो आणि हिशेब होईपर्यंत तुमचे पैसे रोखून ठेवतो. शेवटचा पगार वेळेवर येणार नाही असं धरूनच नव्या शहरातलं डिपॉझिट बाजूला काढा.

न्यूयॉर्क शहर रहिवाशांकडून स्वतःचा आयकर घेतं, वरचा दर ३.८७६ टक्के, राज्याच्या कराव्यतिरिक्त. नदीपलीकडे जर्सी सिटीत राहिलात तर शहराचा कर सुटतो, राज्याचा सुटत नाही. आणि फ्लोरिडात बसून न्यूयॉर्कची नोकरी करणाऱ्यांनी सांभाळावं. कार्यालय कागदोपत्री न्यूयॉर्कमध्ये असेल आणि घरून काम स्वतःच्या सोयीसाठी असेल तर ते दिवस न्यूयॉर्कचेच धरले जातात. कंपनीने तुमची नेमणूकच फ्लोरिडाच्या कार्यालयात केली पाहिजे.

पगाराची रचनाही शहरागणिक बदलते. युरोपीय संघात बँकर्सचा बोनस जास्तीत जास्त स्थिर पगाराइतका, भागधारकांनी मान्यता दिली तर दुप्पट. नेदरलँड्समध्ये वित्तक्षेत्रासाठी सर्वसाधारण मर्यादा स्थिर पगाराच्या २० टक्के. ब्रिटनने ही मर्यादा ऑक्टोबर २०२३ अखेर काढून टाकली. म्हणून पॅरिसच्या ऑफरमध्ये स्थिर पगार जाड दिसतो आणि लंडनच्या ऑफरमध्ये बोनस. सरासरी वर्षाची नव्हे, वाईट वर्षाची बेरीज करून तुलना करा.

नवा_भिडू

शहर बदललं की जुना अडकलेला बोनस बुडतोच का?

तळटीप

राजीनामा दिलात तर सहसा बुडतो. नवी कंपनी तो भरून देते, पण पुरावा मागते: प्रत्येक वर्षाचं वाटपपत्र, तारखा, शिल्लक आकडा. ही पत्रं कंपनीच्या पोर्टलवर असतात आणि राजीनाम्याच्या दिवशी लॉगिन बंद होतं, म्हणून तुमच्या नावची पत्रं आधीच, नियमात बसेल तेवढी, काढून ठेवा. क्लायंटचं किंवा कंपनीचं एकही कागदपत्र त्यात मिसळू देऊ नका, त्यावरून नोकऱ्या गेल्या आहेत.

त्याच कंपनीत बदली असेल तर बोनस चालू राहतो. पण बदलीचा प्रस्ताव बोनसचा आकडा कळल्यावरच पुढे न्या. आधी नेलात तर जुना मॅनेजर जाणाऱ्या माणसावर पैसे घालत नाही आणि नवा म्हणतो, गेल्या वर्षाचं काम माझं नव्हतं.

आणि गार्डन लीव्ह, म्हणजे राजीनाम्यानंतर पगार घेत पण कामाविना काढायचा काळ. लंडनमध्ये तीन ते सहा महिने सामान्य, न्यूयॉर्कच्या हेज फंडांत वर्षभराची बंधनंही दिसतात. कॅलिफोर्नियात नोकरीनंतर स्पर्धकाकडे जाऊ न देण्याचं कलम मुळातच रद्दबातल. बंधन लांब असलेल्या शहरात कामाचा कस उतरतो, ट्रेडरसाठी वर्षभर बाजाराबाहेर बसणं महागात पडतं. करारात पगाराबरोबर या काळातल्या बोनसचं काय, तेही वाचा.

मंदीवाला

घरून काम आल्यापासून शहराला काय किंमत, असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच. क्वांट (गणिती मॉडेलांचे) डेव्हलपर, डेटा, काही क्रेडिट रिसर्च, हे खरंच सुटं झालंय. ट्रेडिंगवर रेकॉर्ड होणारे फोन आणि पर्यवेक्षणाचे नियम आहेत. डील टीममध्ये ज्येष्ठ माणूस रात्री नऊला जो दिसतो त्याला काम देतो. ते योग्य आहे असं नाही, पण तसंच आहे.

खतावणी

चांगला मसाला जमला. शहर दाट आहे का हे मोजायची रीत सांगतो, कारण जाहिरातींची संख्या फसवी असते: एकच जागा पाच एजन्सी टाकतात. तुमच्या नेमक्या कामाचं नाव घेऊन त्या शहरातले वेगवेगळे *मालक* मोजा, मग त्यातले मुख्य निर्णय तिथेच घेणारे वेगळे काढा. माझ्या मते आठ-दहाच्या खाली संख्या गेली तर तिथे नोकरी जाणं म्हणजे गाव सोडणं, हे धरूनच पगार मागावा. दुसरी खूण हेडहंटरची. तुमच्या कामाचा स्वतंत्र हेडहंटर त्या शहरात बसत असेल तर बाजार आहे. तो दुसऱ्या शहरातून फोन करत असेल तर बाजार त्या दुसऱ्या शहरात आहे.

नवा_भिडू

शेवटचा प्रश्न. रिस्कमध्ये काम, इंग्रजी चांगलं, जर्मन-फ्रेंच शून्य. फ्रँकफुर्ट की पॅरिस?

शिल्लक_बाकी

ब्रेक्झिटनंतर लंडनहून दोन्हीकडे खुर्च्या आल्या, पण वेगवेगळ्या. ट्रेडिंग आणि स्ट्रक्चरिंगचा मोठा भाग पॅरिसला, तिथल्या गणिताच्या परंपरेचा त्यात हात आहे. युरोपीय बँकिंग प्राधिकरणही २०१९ मध्ये लंडनहून तिथे गेलं. फ्रँकफुर्टला ईसीबी (युरोपीय मध्यवर्ती बँक), म्हणजे पर्यवेक्षण, भांडवल, तरलता, मॉडेल-तपासणी. तुमच्या कामाला फ्रँकफुर्ट जास्त जुळतं.

भाषेचं असं की डेस्कवर इंग्रजी चालतं, पण स्थानिक नियामकाची पत्रं, कामगार परिषद आणि अंतर्गत ऑडिट जर्मनमध्ये असतं, आणि मॅनेजर झालात की हे तिन्ही तुमच्याच टेबलावर येतं. ईसीबीच्या थेट देखरेखीखालच्या बँकांना पत्रव्यवहाराची भाषा निवडता येते. इंग्रजी निवडलेल्या बँकेत मॉडेल-तपासणीची जागा बघा, आणि एचआरला नव्हे, टीममधल्या माणसाला विचारा की तपासणीचा अहवाल कुठल्या भाषेत लिहितात.